जयपूरची ‘निवृत्त’ हत्तीण

जयपुरात फसवणूक होते ती रत्नांत, गालिच्यात नाहीतर रिक्षाभाड्यात, असं आम्ही ऐकून होतो. त्या तिन्ही ठिकाणी डोळ्यांत तेल घालून वागलो. फसलो ते हत्तिणीपायी. गेले १४,४०० रुपये.

आम्ही इचलकरंजीचे. नांदणी मठ हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, त्यामुळे जुलै २०२५ मध्ये मठातल्या माधुरी हत्तिणीला कोर्टाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात नेलं तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. तिला परत आणा म्हणून निघालेल्या मोर्चाला नवरा जाऊन आला. बारा वर्षांची लेक त्याला जेवताना विचारायची, "पण बाबा, तिच्या पायात साखळी होती ना?" दिवाळीच्या सुट्टीत जयपूर ठरलं तेव्हा तिने अटच घातली, हत्तीवर बसायचं नाही. मला केवढं कौतुक वाटलं! आणि तिथेच आमचं गिऱ्हाईक झालं.

शोधायला गेलं तर ‘एथिकल’ हत्ती दाखवणारे ढीगभर. आम्ही निवडलेल्याची जाहिरात अशी: सवारी नाही, अंकुश नाही, साखळी नाही. कामातून सोडवून आणलेल्या निवृत्त हत्तिणी. त्यांना आपल्या हाताने भरवा, अंघोळ घाला. जोडीला आदल्या दिवशी गाइडसोबत जुन्या शहरात पायी फेरफटका. माणशी ४,८००. त्यातले १,३०० फेरफटक्याचे आणि ३,५०० ‘हत्तींसाठी देणगी’. पैसे एका माणसाच्या खासगी यूपीआयवर टाकायचे. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण देणगी म्हटल्यावर मन कसं मोठं होतं बघा, मी पावतीसुद्धा मागितली नाही.

फेरफटका मात्र झकास झाला, ते नाकारत नाही. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेलं हे शहर, आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली जाणकाराचा मोठा हात. जंतरमंतरच्या २७ मीटर उंच सम्राट यंत्रावर, म्हणजे अवाढव्य सूर्यघड्याळावर, सावली मिनिटाला चार बोटं सरकते. लेक तिथे बोट ठेवून बसली आणि हलायलाच तयार होईना. त्रिपोलिया बाजारातून ईसरलाट हा सात मजली मनोरा दिसतो. तो बांधणाऱ्या राजा ईश्वरीसिंहाने, जयसिंहाच्या मुलाने, होळकरांचं सैन्य येतंय म्हटल्यावर १७५० च्या डिसेंबरात विष घेतलं. पुढच्याच महिन्यात नवं शहर बघायला, देवदर्शनाला, खरेदीला म्हणून आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले आणि त्यांची कत्तल झाली. हे गाइडने नाही, नवऱ्याने सांगितलं. "त्या मानाने आपण स्वस्तात सुटलो," असं तो आता म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमेरचा किल्ला. आम्ही चढ पायी चढलो. सूरजपोल दरवाजाशी रंगवलेल्या हत्तिणी पाठीवर हौदा, हौद्यात दोन-दोन माणसं घेऊन जलेब चौकात शिरत होत्या. लेक रागारागाने फोटो काढत होती. शाळेत दाखवायला.

दुपारी त्या ‘अभयारण्यात’ गेलो. पत्र्याची शेड, सिमेंटची जमीन, पुढे थोडी माती. तीन हत्तिणी. आमच्या वाट्याला आलेली म्हणे पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. ती जागच्या जागी डावी-उजवीकडे झुलत होती. व्यवस्थापक म्हणाला, "देखिए, नाच रही है, खुश है।" आम्ही हसलो. डांबून ठेवलेल्या हत्तीचं असं एकसारखं झुलणं हे ताणाचं लक्षण असतं, हे मी घरी आल्यावर वाचलं.

ऊस भरवला. त्यांच्या पोराने आमचे फोटो काढले. मग अंघोळ. पाइप आणि ब्रश हातात दिले. कपाळ घासायला घेतलं तर गुलाबी पाणी वाहू लागलं, मागून निळं. "सणाची सजावट," व्यवस्थापक म्हणाला. दिवाळी नुकतीच झालेली, मला पटलंही.

लेकीला पटलं नाही. तिने मोबाइल काढला, सकाळचा फोटो मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. डाव्या कानाच्या खालच्या कडेला इंग्रजी व्ही सारखी चीर. समोरच्या हत्तिणीला तीच चीर, त्याच जागी. "आई, हीच ती."

म्हणजे सकाळी किल्ल्यावर माणसं वाहून आलेल्या हत्तिणीचा रंग धुण्याचं रोजचं काम आम्ही माणशी साडेतीन हजार मोजून केलं होतं.

व्यवस्थापक साफ नाकबूल. सगळ्या हत्तींचे कान सारखेच, म्हणाला. तो फोनवर बोलायला बाजूला गेला तेव्हा माहूत हळूच म्हणाला, "सुबह किला, दोपहर इधर। हमको दिहाड़ी मिलती है।" त्याच्या कमरेला पंच्याखाली अंकुश होता. त्या माणसावर मला राग काढता आला नाही, अजूनही येत नाही.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, देणगी परत मिळत नाही. ३,५०० चं नाव ‘देणगी’ का होतं ते तेव्हा उमगलं. ग्राहक म्हणून भांडायला जावं तर तुम्ही काही विकतच घेतलं नाही म्हणायला ते मोकळे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट होते म्हणून निदान नोंदवता तरी आली. पैसे भरण्याआधीच ते काढून ठेवा, नंतर पान बदलतं.

जाणार असाल तर सवारी आहे का हे विचारत बसू नका, नाही हे उत्तर पाठ असतं. ही हत्तीण सकाळी कुठे असते, आम्ही सकाळी सातला येऊ का, एवढं विचारा. आम्ही नंतर एकाला फोनवर विचारून बघितलं तर ‘सुबह मेंटेनन्स है’ असं उत्तर मिळालं. आणि येईल त्या पाहुण्याला सोंड पकडू देणारी हत्तीण कशाच्या धाकाने उभी राहते, तेही मनात आणा. मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं हत्ती केंद्र आहे, तिथे आधी वेळ घेऊन जावं लागतं आणि सवारी नाही. जयपुरातच झालाना आहे, बिबट्यांचं जंगल. शेवटच्या दिवशी आम्ही तिथे गेलो. नीलगायी आणि मोर दिसले, बिबट्या नाही. तो दिसेलच असं नाही, हे जीपवाल्याने बसण्याआधीच सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात त्या लोकांचं पान पुन्हा उघडलं. सगळ्यात वर नवा फोटो आहे. हत्तिणीला ऊस भरवणारी, तोंडभर हसणारी आमची लेक. खाली लिहिलंय, ‘नो राइड, ओन्ली लव्ह’. काढा म्हणून तीनदा कळवलंय. अजून तसाच आहे.