प्लाझ्मोडीबी की एन्सेम्बल प्रोटिस्ट्स: मलेरियाच्या जीनोमवर काम करायचं तर

मलेरियाचा परजीवी प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम याच्यावर काम सुरू करताना निवड बहुधा प्लाझ्मोडीबी आणि एन्सेम्बल प्रोटिस्ट्स या दोन ऑनलाइन जीनोम-डेटाबेसांत होते. संदर्भ जीनोम दोन्हीकडे ३डी७ याच स्ट्रेनचा आहे: १४ गुणसूत्रं, सुमारे २.३ कोटी बेस, पाच हजारांवर जनुकं. त्यामुळे माहिती कुठे जास्त, यावर फार खल करू नये. कोणत्या कामात कोण अडवतं ते पाहावं.

एन्सेम्बलचं बलस्थान पाइपलाइन. जनुकांच्या जागा नोंदवणारी जीटीएफ फाइल तयार मिळते, प्रोग्रॅममधून थेट माहिती मागवण्याचा रेस्ट एपीआय नेटका आहे, आणि जनुकांच्या ओळी सरळ 'जीन' म्हणून नोंदलेल्या असतात. प्लाझ्मोडीबीच्या नव्या जीएफएफमध्ये (तशाच नोंदींची दुसऱ्या साच्यातली फाइल) त्याच ओळी 'प्रोटीन_कोडिंग_जीन' नावाने येतात. स्क्रिप्ट 'जीन' शोधत असेल तर हाती काहीच लागत नाही. म्युटेशनचा परिणाम पाहायचं व्हीईपी हे साधनही एन्सेम्बलमध्ये आयतं मिळतं. आरएनए-सेकचे (पेशीतल्या आरएनएच्या सिक्वेन्सिंगचे) तुकडे जनुकागणिक मोजून पुढे जायचं, एवढंच काम असेल तर एन्सेम्बल घ्या, काही बिघडणार नाही.

फक्त फाइल्सची सरमिसळ करू नका. सातव्या गुणसूत्राचं नाव एन्सेम्बलमध्ये नुसतं '७', प्लाझ्मोडीबीत 'पीएफ३डी७_०७_व्ही३', तर एनसीबीआय या अमेरिकी डेटाबेसमध्ये 'एनसी_'ने सुरू होणारा क्रमांक. एकाची फास्टा (जीनोमच्या क्रमाची फाइल) आणि दुसऱ्याची जीएफएफ जोडली, तर अलाइनमेंट, म्हणजे तुकडे जीनोमवर बसवणं, सुरळीत पार पडते आणि मोजणीच्या तक्त्यात मात्र सगळीकडे शून्य येतं. सुरुवातीलाच फास्टाच्या '>' ओळी आणि जीएफएफचा पहिला रकाना शेजारी ठेवून ताडून पाहावेत.

माझ्या मते पारडं प्लाझ्मोडीबीकडे झुकतं ते जनुकांच्या जुन्या आयडींमुळे. औषधप्रतिकारावरचे जुने निबंध आणि त्यांचे पुरवणी तक्ते जुन्या नावांनी भरलेले आहेत. क्लोरोक्विन-प्रतिकाराचं जनुक पीएफसीआरटी तिथे 'एमएएल७पी१.२७' असतं, आज ते 'पीएफ३डी७_०७०९०००'. आर्टेमिसिनिन-प्रतिकाराचं केल्च१३ तिथे 'पीएफ१३_०२३८', आज 'पीएफ३डी७_१३४३७००'. अशी दोनशे नावांची यादी बायोमार्टमध्ये (एन्सेम्बलच्या यादीवार शोध-साधनात) टाकली की जी जुळत नाहीत ती न सांगता गळतात. निकाल येतो, दिसतोही नीट. आत किती गेले आणि बाहेर किती आले हे मोजल्याशिवाय गळती कळत नाही.

प्लाझ्मोडीबीत हीच यादी जनुक-आयडीच्या शोधात टाकावी. निकालात तुम्ही दिलेला आयडी वेगळ्या रकान्यात राहतो, शेजारी आजचा येतो, आणि 'पूर्वीचे आयडी' हा रकानाही जोडता येतो. तीन गोष्टींकडे लक्ष द्या. आयडीच्या शेवटचे '.१' हे ट्रान्सक्रिप्टचं चिन्ह आधी काढा, पण 'एमएएल७पी१.२७' मधला टिंब नावाचाच भाग आहे, तो काढू नका. 'पीएफए०११०डब्ल्यू'सारख्या नावातलं शेवटचं अक्षर जनुक डीएनएच्या कोणत्या धाग्यावर आहे ते सांगतं, निबंधात ते गळालेलं असेल तर भरून घ्या. आणि रांगा वाढल्या तर घाबरू नका: जुनं एक जनुक पुढे दोन भागांत तुटलेलं असू शकतं, तिथे दोन्ही ओळी ठेवून हाताने निर्णय घ्यावा.

आयडी एकदा जागेवर आले की प्लाझ्मोडीबीची शोध-साखळी (एकापुढे एक जोडलेले शोध) कामाला येते, आणि तिला एन्सेम्बलमध्ये तोड दिसत नाही. समजा, गॅमेटोसाइट (डासात जाणाऱ्या) अवस्थेत व्यक्त होणारी, सिग्नल पेप्टाइड (प्रथिन बाहेर पाठवण्याची खूण) असलेली, पण माणसात ऑर्थोलॉग (समान पूर्वज असलेलं जनुक) नसलेली जनुकं हवी आहेत. दोन शोध, त्यांचा छेद (दोन्हींत असलेली जनुकं), आणि शेवटी 'माणसात अनुपस्थित' ही अट. मधली एखादी पायरी बदलली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप नव्याने मोजल्या जातात. एक्सप्रेशनची मर्यादा किती कडक ठेवावी, हे असं दोन-तीनदा बदलून पाहिल्यावरच कळतं.

लिश्मानिया आणि ट्रिपॅनोसोमासाठी ट्रायट्रिपडीबी, टॉक्सोप्लाझ्मासाठी टॉक्सोडीबी. दोन्ही प्लाझ्मोडीबीचीच भावंडं, म्हणून हात बसला की तिथेही चालतं. ब्रुगिया किंवा शिस्टोसोमा असेल तर मात्र या घराण्यात कृमी नाहीत. सरळ वर्मबेस पॅरासाइट गाठावं.

प्लाझ्मोडीबीकडे वळलात तर डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावातला रिलीज क्रमांक पुसू नका. अ‍ॅनोटेशन, म्हणजे जनुकांच्या जागांची आणि कामांची नोंद, रिलीजगणिक बदलतं, आणि तो क्रमांक नसेल तर सहा महिन्यांनी तीच यादी पुन्हा काढताना फरक डेटात आहे की आवृत्तीत, हे सांगता येत नाही.