प्लास्टरचं टेंडर तपासून देणारे कर्वेनगरचे काका

आमचं काम प्लास्टरचं. मोठा ठेकेदार बिल्डरकडून अख्खी इमारत घेतो आणि आतलं-बाहेरचं प्लास्टर आमच्यासारख्यांना देतो. नवरा साइटवर, दीर एक्सेलवर, आणि बिलं, बँक, जीएसटी माझ्याकडे. दर भरून मेल करण्याआधी कागद एकदा बाहेरच्या माणसाच्या नजरेखालून जावा, असं माझं जुनं म्हणणं होतं. कर्वेनगरात एक निवृत्त क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाची मापं आणि खर्च काढणारे, हे काम घरी बसून करतात. ताथवड्याच्या एका अकरा मजली इमारतीचं टेंडर त्यांच्याकडून तपासून घेतलं आणि तेव्हापासून जातेच आहे, म्हणून हा रिव्ह्यू. नाव छापू नका म्हणाले, त्यामुळे देत नाही. बोर्ड नाही, गूगलवर नाहीत. कर्वेनगर-वारज्यातल्या जुन्या बिल्डिंग मटेरियलवाल्यांना 'बीओक्यू तपासणारे काका' कुठे राहतात विचारलं की पत्ता मिळतो. बीओक्यू म्हणजे टेंडरातला कामांच्या मापांचा आणि दरांचा तक्ता.

फी एका टेंडरची तीन हजार, आधी द्यायची. घासाघीस चालत नाही. मी करून पाहिली.

बेरीज-गुणाकार ते झटकन उरकतात. दर आणि रक्कम जुळत नसेल तर बहुतेक टेंडरांत दरच ग्राह्य धरतात, एवढं एकदा बजावतात आणि पुढे जातात. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणलंय ना, तेही बघतात, कारण बीओक्यू येतो मीटरमध्ये आणि आमचे गवंडी बोलतात ब्रासमध्ये (भिंतीचे १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास, मालाचे १०० घनफूट). त्यानंतर दराचा कागद बाजूला सारून ते अटींची पानं मागतात. खरी तपासणी तिथून पुढे.

ताथवड्याच्या कागदात सातव्या पानावर एक ओळ होती: निव्वळ क्षेत्रफळ मोजलं जाईल, खिडक्या-दारांची दोन्ही बाजूंनी पूर्ण वजावट होईल, जांब आणि सोफिट दरात धरलेले समजावेत. काकांनी लाल पेन्सिलीने ती अधोरेखित केली आणि मला मोठ्याने वाचायला लावली. जांब म्हणजे खिडकी-दाराच्या आतल्या उभ्या कडा, सोफिट वरची, सिल खालची. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकात प्लास्टर मोजायची रीत ठरलेली आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावटच नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूची वजावट, दुसरी बाजू सोडून देतात ती जांब, सोफिट आणि सिलच्या कामापोटी. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा, पण मग जांब वेगळे मोजून मिळतात. इथे ठेकेदाराने दोन्हीकडून आपल्या सोयीचं तेवढं उचललेलं.

मग त्यांनी फ्लॅटचं ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर पसरलं, एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली आणि स्केल लावून खिडक्या मोजल्या. एक खिडकी दीड मीटर बाय एक मीटर वीस, म्हणजे १.८ चौरस मीटर. इमारतीत अशा चारशेच्या आसपास. एका बाजूचे ७२० चौरस मीटर झाले, म्हणजे आमच्या हिशोबाने सत्त्याहत्तर ब्रास. आणि जांबाचं काम सगळ्यात वेळखाऊ असतं. कोना धरायचा, ओळंबा बघायचा, वरच्या बाजूला ड्रिप, म्हणजे पाणी गळून पडायची खाच, काढायची. सपाट भिंत उरकणारा गवंडी दोन खिडक्यांत अर्धा दिवस घालवतो. तेवढं काम फुकटात करायचं, असा त्या एका ओळीचा अर्थ. आमचा दर काय होता ते इथे लिहिणार नाही, त्याच कामाला उतरलेले दोघे-तिघे हे वाचत असणार.

बाहेरच्या प्लास्टरचंही तसंच. बीओक्यूत लिहिलं होतं, सरासरी जाडी २० मिमी, जास्त जाडीचे पैसे नाहीत. क्षेत्रफळ ६,८०० चौरस मीटर. काकांनी नवऱ्याला फोन लावायला सांगितला आणि विचारलं, "आरसीसीची बाहेरची लाइन कुणी ओळंब्याने तपासली आहे का?" नवरा म्हणाला, वरच्या चार मजल्यांवर बीम बाहेर आलेत. काकांनी कागदाच्या कडेला एवढंच लिहिलं: १ मिमी = ६.८ घनमीटर. म्हणजे जाडी सगळीकडे एका मिलिमीटरने वाढली तरी जवळपास २.४ ब्रास जादा माल भिंतीवर चढणार, आणि तोही आमच्या खर्चाने. बीम पंधरा मिलिमीटर बाहेर असेल तर काय होतं ते ज्याचं त्याने काढावं.

पाण्याचा प्रश्न त्यांनी असाच काढला. 'पाणी एका ठिकाणी उपलब्ध करून दिलं जाईल' हे वाक्य प्रत्येक टेंडरात असतं. फुकट की बिलातून कापून, तळमजल्यावर की गच्चीवर, टँकर आला नाही तर दिवस कुणाचा बुडाला, यातलं काही लिहिलेलं नसतं. प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारायचं असतं आणि त्या पट्ट्यात उन्हाळाभर टँकर फिरत असतात, हे पुण्यात काम करणाऱ्याला सांगायला नको. सेसचंही तेच. १ टक्का बांधकाम कामगार सेस मुख्य ठेकेदार भरणार की आमच्या बिलातून वळता करणार? 'सर्व कर व सेस धरून' एवढ्यावर सही करू नका, म्हणाले.

आता कुणाला वाटेल, हे काका नुसते दर वाढवायला सांगतात. तसं नाही. दिराच्या शीटमध्ये सिमेंटच्या गोणीचा भाव करासकट धरलेला होता आणि एकूण दरावर पुन्हा आमचा १८ टक्के जीएसटी. "सिमेंटवरच्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळतं ना? मग तो खर्चात कशाला?" त्यात तो भाव जुना, सिमेंटवर २८ टक्के कर होता तेव्हाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. ही एक दुरुस्ती केली आणि आतल्या प्लास्टरचा दर खाली आला. दीर दोन दिवस गप्प होता.

शेवटी ते एका कागदावर पैशांची आवक-जावक मांडून देतात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. पहिलं आरए बिल (चालू कामाचं बिल) महिना संपल्यावर, ते तपासायला पंधरा दिवस, पैसे त्यानंतर पंचेचाळीस दिवसांनी. त्यातून ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे ठेकेदार राखून ठेवतो ते पैसे, आमची भागीदारी फर्म म्हणून २ टक्के टीडीएस. पीएफ-ईएसआयची चलनं नसतील तर बिल अडकून पडणार. इकडे कामगारांची खर्ची दर शनिवारी. तीन महिने घरचे पैसे घालायची तयारी आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं. त्याचं व्याज दरात कुठेच नव्हतं.

हे सगळं झाल्यावर टेंडरसोबत जोडायचं एक पानी पत्र ते मराठीत सांगतात, इंग्रजी आपण करायचं. वजावट आयएस १२०० प्रमाणे, २५ मिमीच्या वरच्या जाडीचा वेगळा दर, पाणी आणि वीज प्रत्येक मजल्यावर मोफत, भरलेला दर नव्वद दिवस कायम. पत्र पाठवल्यावर ठेकेदाराच्या बिलिंग इंजिनिअरचा फोन आला, "मॅडम, बाकी कुणी असल्या अटी घातल्या नाहीत." जाडी आणि पाणी मान्य झालं. खिडक्यांची अट त्यांनी सोडली नाही, पण तिची किंमत आम्ही दरात आधीच धरली होती. काम मिळालं. वाकडच्या पुढच्या टेंडरात मात्र काकांच्या हिशोबाने भरलेला दर वरचा निघाला आणि काम दुसऱ्याला गेलं. नवरा अजून त्यावरून टोमणे मारतो.

तक्रारी आहेत. दर किती भरावा हे ते सांगत नाहीत, कितीही खोदून विचारा. खर्च दाखवतात, नफा तुमचा तुम्ही ठरवा म्हणतात. जिप्सम प्लास्टर आणि तयार मिश्रणाच्या गोण्यांमध्ये त्यांची माहिती तोकडी आहे, तिथे माझ्या शंका तशाच राहिल्या. इलेक्ट्रिकल, प्लंबिंगचं टेंडर हातात घेत नाहीत. लेखी रिपोर्ट मिळत नाही, मिळतात त्या लाल पेन्सिलीच्या खुणा आणि कडेची टिपणं, ती घरी येऊन आपणच लागलीच उतरवून काढायची, नाहीतर दोन दिवसांनी त्यांचं अक्षर लागत नाही. याआधी एका ऑफिसकडून आम्ही छापील रिपोर्ट घेतला होता. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख, आणि बेरजा बरोबर आहेत एवढाच निष्कर्ष. त्यापेक्षा ही टिपणं परवडली.

टेंडर भरायच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर दारातूनच परत पाठवतात, निदान चार दिवस हातात ठेवा. अटींची सगळी पानं छापून न्या, नुसता दराचा तक्ता नेला तर बघत नाहीत. ड्रॉइंग ए३ वर, स्केल बरोबर येईल असं काढून न्या, मोबाइलवरची पीडीएफ चालत नाही. गाडी मुख्य रस्त्यावरच लावा, सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्या घेत नाहीत आणि वॉचमन काकांपेक्षा कडक आहे.