‘मार्फत ५६ एपीओ’ : सेना डाकसेवेविषयी

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल-द्रासच्या डोंगरांत लढाई पेटली, तेव्हा सातारा जिल्ह्यातील आमच्या घराचा थोरल्या भावाशी उरलेला एकमेव दुवा म्हणजे सेना डाकसेवा होती, म्हणून तिच्याविषयी मनापासून लिहावेसे वाटते. पत्त्यात गावाचे नाव लिहायचे नसते. सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सेनेचे टपाल कार्यालय) एवढ्यावर पत्र पोहोचते, मग पलटण कोणत्याही खिंडीत असो. (पूर्वेकडील तुकड्यांसाठी हाच आकडा ९९ असतो.)

तालुक्याच्या एका कार्यालयात आमची दोन पत्रे आठवडाभर पडून राहिली, तेव्हा कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मात्र हा दोष सेनेच्या टपालाचा नव्हता. निळे अंतर्देशीय पत्र हाती आले की आई मजकुराआधी तारीख वाचायला लावी आणि बोटांवर दिवस मोजी, कारण १८ दिवसांपूर्वी लिहिलेले पत्र मुलगा १८ दिवसांपूर्वी सुखरूप होता एवढेच सांगते. उरलेल्या दिवसांचे काय, याचे उत्तर कोणतीही टपालसेवा देऊ शकत नाही.

आमचा भाऊ परतला. शेजारच्या घरी मात्र त्या जुलैत तार आली, आणि तिच्या मागोमाग चार दिवसांनी, डोंगरावरून आधीच निघालेले, त्याच मुलाच्या हस्ताक्षरातील पत्र आले. पोस्टमन बराच वेळ अंगणात नुसता उभा होता. त्या माउलीने ते पत्र न फोडता देव्हाऱ्यात ठेवले.