मेक, डू, टेक, हॅव की गिव्ह? इंग्रजी नामाला जोडीचं क्रियापद निवडताना

मराठी शिकणारा कुणी 'मला भूक आली' म्हणाला, तर त्याला काय म्हणायचंय ते आपल्याला लगेच कळतं, तरी कानाला खटकतंच. भूक लागते, राग येतो, घाम सुटतो, ताप चढतो. झोप 'येते' आणि 'लागते' दोन्ही, पण अर्थ वेगळे. असं का, म्हणून त्यानं विचारलं तर आपल्याकडे सांगायला नियम नसतो. 'असंच म्हणतात' एवढंच आपण सांगतो.

'आय डिड अ मिस्टेक' ऐकणाऱ्या इंग्रजी भाषकाचं नेमकं हेच होतं. व्याकरणात चूक नाही, अर्थही पोचतो, पण जोडी चुकलेली असते. अशा ठरलेल्या जोड्यांना 'कोलोकेशन' म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी ही संज्ञा १९५०च्या दशकात भाषाशास्त्रात रुजवली. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, या अर्थाचं त्यांचं १९५७ सालचं वाक्य आजही सगळीकडे उद्धृत होतं.

मराठी माणसाची अडचण कुठे आहे, ते सरळ दिसतं. आपलं 'करणे' फार कामाचं आहे. चूक करतो, अभ्यास करतो, प्रगती करतो, गुन्हा करतो, फोन करतो, कौतुक करतो. इंग्रजीत या सहा नामांना एक क्रियापद पुरत नाही. चूक, प्रगती आणि फोन 'मेक'कडे जातात, गृहपाठ 'डू'कडे, गुन्ह्याला 'कमिट' लागतं आणि कौतुकाचे दोन शब्द बोलायचे तर 'पे अ कॉम्प्लिमेंट'. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की 'मेक म्हणजे काय आणि डू म्हणजे काय' या प्रश्नापासून सुरुवात करू नका. हातात नाम घ्या आणि या नामाला कोण चालतं ते बघा. निवड नाम करतं.

मेक आणि डू

शाळेत शिकवलेला नियम असा: काही नवं तयार झालं तर 'मेक', नुसतं काम पार पाडलं तर 'डू'. नियम टाकाऊ नाही. 'मेक अ लिस्ट', 'मेक अ प्लॅन' एका बाजूला आणि 'डू द होमवर्क', 'डू द लाँड्री' दुसऱ्या बाजूला, इथवर तो साथ देतो. 'मेक अ मिस्टेक', 'मेक ॲन एफर्ट', 'मेक प्रोग्रेस' आले की त्याची दमछाक होते. प्रयत्न ही काही तयार झालेली वस्तू नव्हे.

इथे मला दोन खुणा जास्त भरवशाच्या वाटतात. पहिली, नाम एखाद्या क्रियापदावरून आलंय का ते बघा. डिसाइडवरून डिसिजन, सजेस्टवरून सजेशन, कम्प्लेनवरून कम्प्लेंट, चूझवरून चॉइस. प्रॉमिस, ऑफर, अटेम्प्ट ही नामं तर क्रियापदासारखीच दिसतात. हा सगळा गोतावळा बहुतांशी 'मेक'चा आहे. त्यातही बोलून करायच्या गोष्टी, म्हणजे तक्रार, सूचना, वचन, दावा, विनंती, जवळजवळ सगळ्या 'मेक' घेतात.

दुसरी खूण 'डू'ची. कुणाचं भलं किंवा बुरं करण्याबद्दल बोलायचं असेल तर 'डू' येतं: डू गुड, डू हार्म, डू डॅमेज, डू समवन अ फेवर, डू जस्टिस. मराठीत नुकसान आणि उपकार दोन्ही 'करतो' म्हणून हा गट वेगळा आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. तो एकत्र पाठ केला की बरीच ये-जा थांबते.

धंद्याच्या शब्दांत मात्र जपून. 'डू बिझनेस' म्हणतात, पण नफा आणि तोटा दोन्ही 'मेक' घेतात: मेक अ प्रॉफिट, मेक अ लॉस. तोटा 'होतो' अशी सवय असलेल्या आपल्याला 'मेक अ लॉस' लिहिताना हात अडखळतो. बिनधास्त लिहा.

मेक आणि गिव्ह: सूचना करणं आणि सूचना देणं

इथे आपली मराठी चक्क मदतीला येते. बैठकीत कुणी 'एक सूचना करू का?' म्हणतं आणि साहेब 'सूचना देतात'. दोन्हीकडे शब्द 'सूचना'च, पण पहिलीत आपलं मत पुढे ठेवलं जातं आणि दुसरीत आज्ञा असते. इंग्रजीत ही दोन वेगळी नामं आहेत आणि क्रियापदंही जवळजवळ आपल्यासारखीच फुटतात: 'मेक अ सजेशन' आणि 'गिव्ह इन्स्ट्रक्शन्स'.

समोर घेणारा माणूस उभा दिसत असेल तर 'गिव्ह'कडे झुका. सल्ला, परवानगी, उत्तर, स्पष्टीकरण, माहिती हे सगळं 'गिव्ह' घेतं. हुकूम 'गिव्ह ॲन ऑर्डर', पण माल मागवायचा तर 'प्लेस ॲन ऑर्डर'. भाषणाला 'गिव्ह' आणि 'मेक' दोन्ही चालतात, औपचारिक लेखनात 'डिलिव्हर'ही. इथे फार विचार करत बसू नका, तिन्ही बरोबर आहेत.

मराठीतलं 'देणे' सगळ्यात जास्त फसवतं ते परीक्षेच्या बाबतीत. एका ओळखीच्या मुलीनं परदेशी विद्यापीठासाठी लिहिलेला अर्ज माझ्याकडे वाचायला दिला होता. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं, 'आय गेव्ह द एन्ट्रन्स एक्झाम ट्वाइस'. आपण परीक्षा देतो, म्हणून तिनंही दिली. पण ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाच्या डोळ्यांसमोर वर्गात प्रश्नपत्रिका वाटणारी बाई उभी राहते, कारण त्यांच्याकडे परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक. विद्यार्थी ती 'टेक' करतो, ब्रिटिश इंग्रजीत 'सिट'ही. आपण 'पेपर काढणे' म्हणतो त्याला 'सेट' म्हणतात. भारतीय इंग्रजीत 'गिव्ह ॲन एक्झाम' इतकं रुळलंय, की आपसांत कुणी अडखळत नाही. पण हा अर्ज बाहेर जाणार होता, म्हणून आम्ही 'टूक' केलं. तेवढा एक शब्द बदलल्यावर त्या वाक्यातली मुलगी पुन्हा विद्यार्थिनी झाली.

'देणे'च्या यादीत आणखी दोन सापळे आहेत. लक्ष देणं म्हणजे 'पे अटेन्शन' आणि भेट देणं म्हणजे 'पे अ व्हिजिट'.

टेक आणि हॅव

बऱ्याचदा इथे दोन्ही चालतात आणि फरक फक्त देशाचा असतो. आंघोळीसाठी ब्रिटिश माणूस 'हॅव अ बाथ' म्हणतो, अमेरिकी माणूस 'टेक अ बाथ'. 'लुक', 'ब्रेक', 'सीट' यांनाही दोन्ही चालतात. वाचणारा कुठला आहे ते बघा आणि त्याप्रमाणे लिहा. एका लेखात एकच धरा.

निर्णयाचा प्रश्न मात्र रोज येतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. 'निर्णय घेणे' या आपल्या सवयीनं 'टेक अ डिसिजन' तोंडात बसलेलं असतं. ते चूक आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ब्रिटिश इंग्रजीत ते सर्रास आढळतं. पण अमेरिकी वाचकाला ते उपरं वाटतं, तर 'मेक अ डिसिजन' दोन्हीकडे चालतं. दोहोंत निवडायचं तर मी 'मेक' निवडतो.

जिथे क्रियापद बदललं की गोष्टच बदलते

वरच्या चुका ऐकणारा सांभाळून घेतो. इथल्या सांभाळल्या जात नाहीत, कारण दोन्ही वाक्यं बरोबर असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे.

'हॅव ॲन आर्ग्युमेंट' म्हणजे वाजलं, भांडण झालं. 'मेक ॲन आर्ग्युमेंट' म्हणजे मुद्दा मांडला, युक्तिवाद केला. सहकाऱ्यानं सभेत चांगला मुद्दा मांडला असं तुम्हाला लिहायचं होतं आणि 'ही हॅड ॲन आर्ग्युमेंट' लिहून गेलात, तर त्याच्यावर विनाकारण भांडखोरपणाचा शिक्का बसतो.

'टेक अ कॉल' म्हणजे आलेला फोन घेणं, 'मेक अ कॉल' म्हणजे फोन लावणं. आपल्या कार्यालयांत 'लेट्स टेक अ कॉल ऑन धिस' म्हणजे 'ठरवून टाकू', पण हा अर्थ बाहेरच्यांना माहीत असेलच असं नाही. 'टेक नोट्स' म्हणजे ऐकता ऐकता उतरवून घेणं. वाचून, विचार करून टिपणं काढायची तर ब्रिटिश मंडळी 'मेक नोट्स' म्हणतात. संधीचंही तसंच. 'हॅव अ चान्स' म्हणजे संधी आहे, 'टेक अ चान्स' म्हणजे धोका पत्करला.

मराठीत हे आपल्याला नवं नाही. शब्द देणे, शब्द पाळणे, शब्द टाकणे, शब्द फिरवणे यांत आपण कधी गोंधळतो का? इंग्रजी जोड्याही अशाच शेजारी शेजारी ठेवून शिकाव्यात, सुट्या सुट्या नव्हे.

साधं क्रियापद की भारदस्त

संशोधनाला 'डू', 'कॅरी आउट' आणि 'कंडक्ट' तिन्ही लागतात. बोलताना 'डू', अहवालात 'कॅरी आउट' किंवा 'कंडक्ट'. तक्रारीचंही असंच: 'मेक अ कम्प्लेंट' साधं, रीतसर लेखी तक्रारीला 'फाइल' किंवा 'लॉज'. आपण तक्रार 'करणे' आणि 'नोंदवणे' यांत जो फरक करतो, तोच इथे आहे. सतत भारी क्रियापद वापरल्यानं इंग्रजी सुधारत नाही. मित्राला 'आय कंडक्टेड सम रिसर्च ऑन फोन्स' लिहिणं फार अवघडलेलं वाटतं.

शिवाय मुळात जोडी हवीच का, हेही विचारावं. 'वी मेड अ डिसिजन टू लीव्ह' पेक्षा 'वी डिसाइडेड टू लीव्ह' सुटसुटीत आहे. जोडी उपयोगी पडते ती नामाला विशेषण लावायचं असतं तेव्हा. 'अवघड निर्णय', 'घाईचा निर्णय' म्हणायचं तर 'मेक अ डिफिकल्ट डिसिजन' हाच सोपा रस्ता. 'डिसाइड'ला 'डिफिकल्टली' जोडून तो अर्थ निघत नाही.

तपासायचं कुठे

इंग्रजी-मराठी शब्दकोश इथे अपुरा पडतो. तो 'निर्णय' म्हणजे 'डिसिजन' सांगून थांबतो, पुढचं क्रियापद देत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेले कोश बरे, कारण त्यांत उदाहरणवाक्यं असतात. सगळ्यात चांगला तो कोलोकेशनचा कोश. ऑक्सफर्डचा २००२ मध्ये आला. त्यात नाम काढलं की आधी विशेषणं आणि मग त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं ओळीनं मिळतात. लेखनासाठी एकच कोश घ्यायचा असेल तर मी हाच सुचवेन.

कोशांत मतभेद दिसले तर कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, पण ते विसाव्या शतकाच्या अखेरचे. अमेरिकी इंग्रजीचा 'कोका' १०० कोटींहून मोठा आहे आणि १९९० पासूनचा मजकूर धरतो. नवख्या माणसाला दोन्हींचे शोधपडदे जरा किचकट वाटतात. पटकन बघायचं तर गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर आहे, २०१० पासून उपलब्ध. त्यात दोन जोड्या स्वल्पविरामानं शेजारी लिहिल्या की छापील पुस्तकांतलं त्यांचं प्रमाण आलेखात दिसतं, ब्रिटिश आणि अमेरिकी वेगवेगळंही बघता येतं. मात्र तो आकडा देतो, अर्थ सांगत नाही. 'हॅव ॲन आर्ग्युमेंट' आणि 'मेक ॲन आर्ग्युमेंट' यांची तिथे तुलना करून काहीच हाती लागत नाही, कारण ते दोन पर्याय नाहीतच.

साध्या शोधयंत्रात अवतरणचिन्हं घालून शोधण्याची युक्ती बरेच जण सांगतात. मी ती वापरत नाही. 'डू अ मिस्टेक'चेही भरपूर निकाल येतात, आणि त्यातले कितीतरी 'डू अ मिस्टेक म्हणू नका' असं सांगणारे असतात.