डिझायनरकडून करून घेतलेलं स्वयंपाकघर : आठ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

फ्लॅट पुण्यातला, साधारण ३० वर्षं जुन्या इमारतीतला. स्वयंपाकघर ८ फूट बाय १० फूट, एका टोकाला ड्राय बाल्कनी, गॅस पाइपचा. जुना कडाप्प्याचा ओटा, त्याखालच्या तारेच्या ट्रॉल्या आणि वरचा उघडा माळा काढून एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा, खाली ड्रॉवर, वर कपाटं असं काम झालं. आराखडा आणि देखरेख व्यावसायिक डिझायनरची, कपाटं कारखान्यात कापून आणलेली. रोजचा दोन वेळचा स्वयंपाक सुरू होऊन आठ महिने झाले आणि त्यात अख्खा पावसाळा गेला. पावसाळा जायच्या आत लिहिलेल्या अनुभवावर फार भिस्त ठेवू नये. प्लाय, सिलिकॉन आणि सांधे यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्येच होते.

आधी मत सांगतो. जे कागदावर मिलिमीटरमध्ये उतरलं ते आज बिनतक्रार चालतंय, आणि जे ‘साइटवर बघू’ म्हणून सोडलं तेच त्रास देतंय. डिझायनरची फी वसूल झाली ती कामाच्या नकाशांमुळे. थ्रीडी चित्रं पाहून रंग ठरवता येतो, पण सिंकखालचा पाइप कुठून जाणार हे त्यात दिसत नाही.

सगळ्यात मोलाचं काम पहिल्याच बैठकीत झालं. आकार ठरवण्याआधी डिझायनरने घरातल्या भांड्यांची मोजदाद मागितली, आणि तीही तीन गटांत: रोजची, आठवड्याची, सणावाराची. परातीचा व्यास, ५ लिटरच्या कुकरची शिट्टीसकट उंची, मिसळणाचा डबा, पोळपाट, पिठाचा डबा हे रोजचं. मिक्सरची मोठी भांडी, इडलीपात्र आठवड्याचं. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, फराळाची मोठी कढई सणाचं. ही यादी नसेल तर ड्रॉवरची उंची अंदाजाने ठरते आणि कुकर आडवा ठेवायची पाळी येते. सणाच्या वस्तूंची जागा वरच्या नव्या माळ्यात, पण तिथेही मोठ्या कढईला कानांसकट ५५ सेंमी खोली लागली, म्हणून माळ्याचा एक कप्पा वरच्या कपाटांपेक्षा खोल केला. वरची कपाटं ३०० मिमी खोल आहेत. त्याहून खोल केली की ओट्यावर वाकताना डोकं आपटतं.

ओट्याची उंची हा दुसरा मोठा विषय. कारखान्यांचं नेहमीचं गणित असं: पाय १००, कपाट ७२०, वर १८ मिमी प्लाय आणि २० मिमी ग्रॅनाइट, एकूण ८५८ मिमी, म्हणजे जवळपास ३४ इंच. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं कोपर जमिनीपासून जिथे येतं तिथून १० ते १५ सेंमी खाली ओटा असावा, हा सर्वसाधारण नियम. इथे त्या व्यक्तीची उंची ५ फूट १ इंच, कोपर ९७ सेंमीवर. म्हणजे ओटा ८२ ते ८७ सेंमीच्या दरम्यान चालला असता. पण पोळ्या लाटताना वरून जोर द्यावा लागतो, आणि शेगडीवर पातेलं ठेवलं की हात आणखी वर जातो. त्यामुळे खालचा आकडा धरला: कपाट ७२० ऐवजी ६८०, एकूण ८१८ मिमी. नेहमीचं माप सोडल्याने कारखान्याने आठवडाभर जास्त घेतला. तरीही पुन्हा करायचं झालं तर हेच करावं. पोळ्यांच्या घाण्यानंतर खांदे भरून येत नाहीत.

या निर्णयाची किंमत मात्र असते आणि ती आधी कळायला हवी. ओट्याखाली बसणाऱ्या बहुतेक डिशवॉशरना वरचं झाकण काढूनही ८२ सेंमीच्या आसपास मोकळी उंची लागते. इथे ओट्याखाली उरतात ७८. डिझायनरने उंची ठरवतानाच हा प्रश्न काढला आणि डिशवॉशरची जागा ड्राय बाल्कनीत धरली: पाण्याचा वेगळा नळ, सांडपाण्याची जोडणी, १६ अँपिअरचं सॉकेट. मशीन अजून घेतलेलं नाही, पण घ्यायचं ठरलं तर भिंत फोडावी लागणार नाही.

ड्रॉवरचे दर्शनी भाग १४०, २२० आणि ३२० मिमीचे. आतली वापरता येणारी उंची यापेक्षा प्रत्येकी ४ ते ६ सेंमी कमी मिळते. नकाशावर दर्शनी माप असतं, म्हणून आतलं माप वेगळं लिहून घ्या. वरच्यात चमचे, झारे, मिसळणाचा डबा. मधल्यात वाट्या, ताटल्या, छोटी पातेली. खालच्यात कुकर, कढया, परात. खालचा ड्रॉवर ९०० मिमी रुंद आहे. तिथे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती ३० किलो क्षमतेची पट्टी चालत नाही, ५० किलोची लागते, आणि तळ १६ मिमी जाडीचा हवा. पातळ तळ भाराने मध्यभागी झोळ घेतो आणि ड्रॉवर पुढे घासतो. कोटेशनमध्ये नुसतं ‘सॉफ्ट क्लोज’ लिहून भागत नाही. पट्टीचं मॉडेल आणि किलोतली क्षमता लिहून घ्यावी.

ट्रॉल्यांना पूर्ण फाटा दिला नाही, हेही बरं झालं. बंद ड्रॉवरमध्ये भांडी कोरडीच ठेवावी लागतात. ओली ठेवली तर तळाच्या लॅमिनेटखाली पाणी शिरतं. म्हणून सिंकशेजारी ताटांसाठी एक स्टीलची ट्रॉली ठेवली, खाली पाणी झेलणारा ट्रे. ती ३०४ दर्जाच्या स्टीलची घ्या. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, त्याला काही अर्थ नाही, कारण ३०४ आणि त्याहून हलकं २०२ या दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. रसायनाचा थेंब टाकून फरक कळतो, तीच चाचणी करायला सांगा. २०२ ला मीठ आणि ओल लागली की काही महिन्यांत तांबूस ठिपके येतात.

मोजमाप दोनदा घ्यायला लावा. एकदा आराखड्यासाठी, आणि दुसऱ्यांदा फरशी व भिंतीच्या टाइल्स लागल्यावर, कपाटं कापायच्या आधी. जुन्या इमारतीत कोपरा काटकोनात असतोच असं नाही. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करायची, दुसरीवर ४ फुटांवर, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. इथे पाऊण इंच जास्त आलं. ते आधी कळल्याने भिंतीकडेला ४० मिमीची भरपट्टी धरली गेली, नाहीतर शेवटचा ड्रॉवर दाराच्या चौकटीला अडला असता. एलच्या कोपऱ्यात फिरती जाळी बसवण्याचा आग्रह सगळीकडे होतो. तिच्या पैशात दोन चांगले ड्रॉवर येतात. इथे कोपरा एका साध्या दाराने उघडतो आणि आत कमी लागणारे डबे आहेत. पुरेसं आहे.

गॅसच्या पाइपला सुताराने किंवा प्लंबरने हात लावू नये. पुण्यात एमएनजीएलच्या (पाइपचा गॅस पुरवणारी कंपनी) अधिकृत माणसाकडूनच लाइन सरकवावी लागते, त्यासाठी अर्ज कपाटांची ऑर्डर देण्याआधी करा. पाइप भिंतीत गाडायचा नाही आणि कॉक हाताशी हवा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून शेगडीखालच्या कपाटाला वरच्या बाजूला भोकं ठेवली. सिलिंडर असेल तर उलट, तो गॅस जड असल्याने भोकं तळाशी लागतात. आणि शेगडी पाइपच्या गॅसची आहे ना हे पाहा, दोन्हींचे जेट वेगळे असतात. ग्रॅनाइटमधलं शेगडीचं भोक शेगडी हातात आल्याशिवाय कापू देऊ नका. प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं. भोकाचे कोपरे थोडे गोल ठेवायला सांगा, टोकदार कोपऱ्यातून दगडाला तडा जातो.

विजेचा नकाशा उत्तम निघाला. ओव्हनसाठी ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर, बाकी सॉकेटना २.५ ची, सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. मिक्सरचं सॉकेट ओट्यापासून २० सेंमी वर, सिंक आणि शेगडी दोन्हींपासून लांब. कपाटांखालच्या एलईडी पट्ट्यांमुळे भाजी चिरताना स्वतःचीच सावली पडत नाही. त्यांना वीज पुरवणारा छोटा डबा, म्हणजे ड्रायव्हर, कपाटाच्या पाठीमागे कोंबू नका. तो बिघडतोच, आणि तेव्हा हात पोचायला हवा.

आता तक्रारी. पहिली सिंकखालची. कपाट आयएस ७१० शिक्क्याच्या (मरीन दर्जाच्या) प्लायचं, कडांना २ मिमी पट्टी, सगळं ठरल्याप्रमाणे. तरी ऑगस्टमध्ये तळाची फळी बॉटल ट्रॅपभोवती (सिंकखालचा वास अडवणारा सांधा) फुगली. कारण साधं आहे: पाइपसाठी प्लंबरने साइटवर भोक पाडलं आणि भोकाची उघडी कड तशीच राहिली. पाइपवर बाहेरून जमणारं पाणी त्या कडेतून आत मुरलं. प्लाय कितीही चांगला असो, कापलेली कड उघडी ठेवली की ओल शोषली जाते. भोक पाडल्यावर कडेला सीलरचे दोन हात, मग पाइपभोवती सिलिकॉन, आणि तळावर ॲल्युमिनियमचा उथळ ट्रे एवढं हवं होतं. हे नकाशात टीप म्हणून लिहिता आलं असतं. फळी बदलून मिळाली, पण त्यासाठी सिंकची जोडणी उलगडावी लागली. सिंक जुन्या जागेवरून दीड फूटच सरकवला होता, त्यामुळे २ इंची पाइपला फुटामागे पाव इंच उतार मिळाला आणि तुंबण्याचा त्रास एकदाही नाही. सिंक समोरच्या भिंतीला न्यायचा मोह होतो, पण तेवढा उतार द्यायचा तर फरशी उचलावी लागते. खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की सोसायटीत वाद वेगळा.

दुसरी तक्रार चिमणीची, आणि ती मोठी. शेगडी आणि चिमणीमधलं अंतर ७० सेंमी बरोबर आहे, मोटरची ताकदही पुरेशी. पण धूर बाहेर नेणाऱ्या ६ इंची डक्टच्या वाटेत आरसीसी बीम (काँक्रीटची तुळई) येतो आणि तो नकाशात दाखवलाच नव्हता. बीम फोडता येत नाही, फोडूही नये. मग कारागिराने डक्ट खाली घेऊन दोन जादा वळणं दिली, तीही चुण्यांच्या लवचिक नळीची. प्रत्येक वळणावर ओढ कमी होते आणि चुण्यांमध्ये तेलकट थर साचतो. लाल मिरचीची फोडणी पडली की आजही घरभर ठसका जातो. तुमच्या डिझायनरकडून डक्टचा उभा छेद काढून घ्या: बीमची खालची पातळी, बाहेर पडायचं भोक, वळणं किती. दोनपेक्षा जास्त वळणं दिसली तर चिमणीची जागा बदला, मॉडेल नाही.

बाकी थोडक्यात. टाइल्सच्या फटीत इपॉक्सी भरल्याने हळदीचे डाग धरत नाहीत. दारांना मॅट लॅमिनेट घेतलं, ओरखडे दिसत नाहीत, मात्र हँडलऐवजी केलेल्या खाचेत पीठ आणि तेल साचतं, ती दर आठवड्याला गरम पाण्याच्या फडक्याने पुसावी लागते. पुन्हा करताना साधी हँडलं घेईन. काळ्या ग्रॅनाइटवर गरम कुकर थेट ठेवता येतो. क्वार्ट्‌झच्या कृत्रिम दगडात रेझिन असल्याने तिथे ही मुभा नसते. बिजागऱ्यांमुळे दोन दारं चौथ्या महिन्यात २ मिमी खाली आली. स्क्रू फिरवून पाच मिनिटांत सरळ झाली.

कोटेशन चौरस फुटाच्या एकाच दरात स्वीकारू नका. कपाट, दारं, पट्ट्या, ग्रॅनाइटची कापाई, डक्ट, राडारोडा वाहून नेणं, १८ टक्के जीएसटी अशा वेगळ्या ओळी मागा. शेवटचे १० टक्के वापर सुरू झाल्यावर महिन्याने द्यायचे ठरवा. फुगलेल्या फळीसाठी याचा उपयोग झाला नसता, ती ऑगस्टमध्ये फुगली, म्हणून सिंकखालच्या कामाची एक पावसाळ्याची लेखी हमी वेगळी घ्या.

चिमणीचं दुरुस्तीचं काम आता ठरलं आहे. डक्ट बीमखालून न नेता उजवीकडे खिडकीच्या वरच्या काचेतून, गुळगुळीत पाइपने आणि एकाच वळणात बाहेर काढायचा. त्यासाठी उजवीकडच्या ३०० मिमी खोल कपाटाची खोली १२० मिमीवर येईल आणि त्यातले चहा-साखरेचे डबे खालच्या ड्रॉवरमध्ये जातील. या वेळी छेदाचा नकाशा आधी हातात घेतला आहे, त्यावर बीमची पातळी लिहिलेली आहे.