नऊ महिने बोटात असलेली स्मार्ट रिंग: एका गुणवत्ता तपासनिसाचा अनुभव

गेल्या दसऱ्याला मुलीने माझ्या बोटात काळी अंगठी घातली, तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "साडेसाती लागली का रे तुला?" काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी बोटात घालणारे लोक आमच्या पंचवटीत पुष्कळ असल्यामुळे तिचा समज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. कारखान्यातही तो आठवडाभर टिकून होता. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात बावीस वर्षे काम करत आहे. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि रिंग गेज (अंगठीसारखे गोल मापनसाधन) यांच्यात माझा दिवस जातो आणि दर तीन आठवड्यांनी एकदा रात्रही जाते. त्यामुळे झोपेचे मोजमाप करणारे उपकरण हाती आल्यावर ते काय दाखवते यापेक्षा ते किती खरे दाखवते, हा प्रश्न मला आधी पडला. माझी अंगठी कोणत्या कंपनीची आहे हे येथे लिहीत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही अंगठीला लागू पडणारे आहेत.

अंगठीच्या आतल्या बाजूला तीन बारीक उंचवटे आहेत. त्यांतून हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटाच्या त्वचेत शिरतो, आणि प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण बदलले की परत येणारा प्रकाशही किंचित बदलतो. या बदलावरून नाडी मोजली जाते. लाल आणि अवरक्त प्रकाश किती प्रमाणात शोषला गेला यावरून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बांधण्याचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. २०२१ च्या एप्रिलमध्ये घराघरांत पोहोचलेला चिमट्यासारखा ऑक्सिमीटर त्याच तत्त्वावर चालत होता. फरक एवढाच, की चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो आणि अंगठी मुख्यतः परत फिरलेल्या प्रकाशावर भागवते. याशिवाय त्वचेचे तापमान मोजणारा एक संवेदक आणि हालचाल टिपणारा दुसरा, एवढा सगळा संसार साधारण तीन ग्रॅम वजनात बसवलेला आहे. मनगटापेक्षा बोटातून नाडीचा संकेत स्पष्ट मिळतो आणि झोपेत घड्याळाचा पट्टा जसा टोचतो तसे येथे काही टोचत नाही, या दोन बाबतींत अंगठी उजवी आहे यात मला शंका नाही.

मापाचा विषय मात्र विक्रेते सांगतात तितका सोपा नाही. घेण्याआधी प्लास्टिकच्या नमुना-अंगठ्यांचा डबा घरी येतो आणि त्यांतील एक अंगठी दिवसभर घालून पाहायची असते. मला अकरा क्रमांकाची अंगठी बरोबर बसली, म्हणजे आतला व्यास २०.६ मिलिमीटर. एका क्रमांकाने माप बदलले की व्यासात सुमारे ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आमच्या धंद्यात ०.८ मिलिमीटर म्हणजे डोंगर. ऑक्टोबरच्या उकाड्यात घेतलेली ही अंगठी जानेवारीत, निफाडकडून येणाऱ्या थंडीने बोटे आखडली तेव्हा, सैल होऊन फिरू लागली. उंचवटे तळव्याच्या बाजूला राहणे आवश्यक असते, पण सकाळी उठून पाहावे तर ते बोटाच्या पाठीवर गेलेले असत आणि ऑक्सिजनच्या रकान्यात रात्रभराची रिकामी जागा दिसे. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे संकेत आधीच क्षीण झालेला असतो, त्यात ही भर. शेवटी ते दोन महिने मी अंगठी तर्जनीतून काढून मधल्या बोटात घातली. एप्रिलमध्ये ती पुन्हा तर्जनीत आली आणि मे महिन्यात दुपारी साबण लावल्याशिवाय निघेनाशी झाली.

फिरत्या यंत्राजवळ बोटात अंगठी घालून जाण्यास आमच्याकडे सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण अंगठी कशात अडकली तर ती एकटी निघत नाही, बोटाची त्वचाही सोबत घेऊन जाते. यंत्रांवर काम करणाऱ्यांनी हे उपकरण घेण्यापूर्वी याचा विचार करावा. मी कामावर पोहोचताच अंगठी काढून मोजमाप कक्षातील लाकडी ट्रेमध्ये ठेवतो. नोव्हेंबरमध्ये नव्याने लागलेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलाने ती तेथील रिंग गेजच्या रांगेत पाहिली, व्हर्निअरने तिचा आतला व्यास मोजला, नोंदवहीत २०.६ असा आकडा लिहिला आणि माझ्याकडे येऊन अत्यंत गंभीरपणे विचारले, "सर, याचा पार्ट नंबर सापडत नाहीये." मुलगा पुढे नाव काढील असे मला तेव्हाच वाटले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नाडीच्या बाबतीत मी दहा सकाळी अंथरुणातून न उठता मनगटावर बोट ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट ठोके मोजले आणि अंगठीच्या आकड्याशी ताडून पाहिले. फरक एक-दोन ठोक्यांच्या पुढे कधी गेला नाही. झोपेच्या बाबतीत असे समाधान मिळाले नाही. एका रविवारी दुपारी मी वर्तमानपत्र छातीवर उपडे ठेवून, डोळे मिटून, रेडिओवरचे नाट्यसंगीत ऐकत तास-दीड तास पडून होतो. प्रत्येक पद मला सांगता येईल इतका जागा होतो, तरी अंगठीने त्यांतील बेचाळीस मिनिटे झोप म्हणून नोंदवली. स्वस्थ पडलेला जागा माणूस आणि झोपलेला माणूस यांतील भेद तिला नीट कळत नाही आणि यात तिचा दोष म्हणावा तर तो मूळ पद्धतीचाच आहे. निद्रा-प्रयोगशाळेत मेंदूचे विद्युत्‌संकेत, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांवरून तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून झोपेचा टप्पा ठरवतात. अंगठीजवळ यांपैकी काहीच नसते. नाडी, हालचाल आणि तापमान पाहून ती टप्प्यांचा तर्क करते, त्यामुळे "गाढ झोप १ तास १२ मिनिटे" या वाक्यातील मिनिटांचा काटेकोरपणा हा निव्वळ दिखाऊ आहे.

मग ती टाकून का दिली नाही, तर तिचा खरा उपयोग मला हळूहळू कळला. बोअर गेज हे उपकरण छिद्राचा व्यास स्वतःहून सांगत नाही. आधी ते प्रमाणित सेटिंग रिंगमध्ये, म्हणजे नेमका व्यास ठाऊक असलेल्या कड्यात घालून शून्यावर आणावे लागते आणि मग प्रत्येक नग त्या शून्यापासून किती ढळला एवढेच ते दाखवते. ही अंगठीही त्याच जातीची आहे. तिचे आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशी जुळवणे व्यर्थ आहे. आपल्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपासून आज किती ढळलो, हे मात्र ती चांगले सांगते.

अडचण अशी, की माझे शून्य एक नाही, तीन आहेत. पहिल्या पाळीत मी रात्री दहाला झोपतो, दुसरीत एक वाजता आणि तिसरीत सकाळी साडेआठला, जेव्हा खाली भाजीवाल्याची हाळी, मिक्सर आणि शाळेच्या रिक्षा यांचा गलका टिपेला पोहोचलेला असतो. अंगठीचे गणित रात्रीच्या झोपेवर बेतलेले असल्यामुळे सुरुवातीला तिसऱ्या पाळीतील पाच तासांची झोप तिने "डुलकी" म्हणून नोंदवली आणि मी रात्रभर जागलो म्हणून मला उपदेश केला. रात्रपाळीच्या माणसाला पहाटे चार वाजता "आता झोपण्याची वेळ झाली आहे" असा संदेश पाठवणाऱ्या अभियंत्याने एकदा आमच्याकडे आठवडाभर पाळी करावी, असे मला तेव्हा फार वाटले. डिसेंबरपासून मी फोनवरचे ॲप झोपेला देते ते गुण पाहणे सोडले आणि तीन रकाने आखून साध्या वहीत दोनच आकडे लिहू लागलो: झोपेतील नाडीची किमान संख्या आणि तापमानाचा फरक. पहिल्या पाळीत माझी किमान नाडी ५६ च्या आसपास असते, तिसरीत ६१. हे दोन आकडे एकाच सरासरीत घालणे म्हणजे दोन वेगळ्या मापांचे नग एकाच गेजने तपासणे होय.

वहीचा उपयोग फेब्रुवारीत दिसला. पहिल्या पाळीचा आठवडा चालू असताना एका रात्री नाडी ६३ वर राहिली आणि त्वचेचे तापमान नेहमीपेक्षा ०.७ अंशाने चढले. मला घसा किंचित खवखवण्यापलीकडे काही जाणवत नव्हते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०१ ताप भरला. अंगठीने आजार ओळखला असे मात्र मी म्हणणार नाही, कारण पुढच्याच महिन्यात एका लग्नाच्या स्वागत समारंभात रात्री साडेअकराला बासुंदी-पुरीचे जेवण झाले आणि त्या रात्रीही जवळजवळ हेच आकडे आले. शरीर काहीतरी जादा काम करत आहे एवढे कळते, ते काम जंतूंशी लढण्याचे आहे की बासुंदी पचवण्याचे, हे कळत नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकहून त्र्यंबकेश्वरपर्यंत सुमारे २८ किलोमीटर चाललो, त्यानंतर दोन रात्री नाडी चढीच होती. त्या दिवसाच्या पावलांचा आकडा मात्र मी गंभीरपणे घेत नाही, कारण माझ्या हातात टाळ होते.

ज्या प्रसंगाने मी सर्वांत जास्त सावध झालो, तो घोरण्याचा. पत्नी बरीच वर्षे तक्रार करत होती, "तुमचा श्वास मध्येच थांबतो आणि मला जाग येते," आणि मी तिला अंगठीचा आलेख दाखवत असे: ऑक्सिजन सरासरी ९५ टक्के, सर्व ठीक. मार्चमध्ये तिच्या आग्रहावरून छातीविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला आणि घरी एक रात्र झोपेची तपासणी करण्यास सांगितले. नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला स्वतंत्र संवेदक लावून झोपलो. अहवालात तासाला १२ वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत असल्याचे निघाले. पाच ते पंधरा ही संख्या सौम्य स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची मानतात. म्हणजे पत्नीचे कान बरोबर होते आणि माझा आलेख फसवा. मला या गोष्टीची लाज अशासाठी वाटली, की सरासरी व्यास बरोबर आहे म्हणून पेटी पास करणाऱ्या तपासनिसाला मी स्वतः बोलणी ऐकवलेली आहेत. शंभर नगांची सरासरी टॉलरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत असते आणि त्यांतले आठ नग तरीही रिजेक्ट असतात. वजन पाच किलोने उतरवणे आणि कुशीवर झोपणे एवढाच उपचार सध्या चालू आहे.

याच्या उलट त्रासही होतो. ताजेतवाने वाटून उठावे, फोनवर ६१ गुण दिसावेत आणि दिवसभर थकल्यासारखे वाटावे, असे माझ्या बाबतीत पहिल्या दोन महिन्यांत अनेकदा घडले. परिपूर्ण झोपेचे आकडे मिळवण्याच्या या ध्यासाला अमेरिकेतील काही निद्रासंशोधकांनी २०१७ मध्ये "ऑर्थोसोम्निया" असे नाव दिले. ज्यांचा स्वभाव मुळात काळजीखोर आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कामावरचे मधुमेही सहकारी "ही साखर सांगते का?" असे हमखास विचारतात. सांगत नाही. सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेला आहे. बाजारात दोन-तीन हजारांत असे दावे सर्रास विकले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

टिकाऊपणाविषयी थोडे. टायटॅनियमवरचा काळा लेप दुचाकीच्या मुठीने आणि स्टीलच्या भांड्यांनी दोन ठिकाणी उडाला आहे. शंभर मीटरपर्यंत जलरोधक असे लिहिलेले असले तरी रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) धप्पा, म्हणजे उडी मारण्यापूर्वी मी अंगठी पत्नीच्या पर्समध्ये ठेवली, कारण पाण्याने ती बिघडली नसती, पण ओल्या बोटातून निसटली असती तर रहाडीच्या तळाशी जाऊन शोधणार कोण? खरी तक्रार बॅटरीची आहे. सुरुवातीला पाच दिवस चालणारी बॅटरी आता जेमतेम तीन दिवस चालते, ती बदलता येत नाही, आणि कंपनीला कळवल्यावर "आपली बॅटरी मर्यादेत आहे" असे उत्तर आले. मर्यादा किती, हे दोनदा विचारूनही सांगितले नाही. आकडा न लिहिता "मर्यादेत" असा शेरा आमच्याकडे कोणी मारला तर ऑडिटर ते पानच रद्द करील. घेणाऱ्यांनी किमतीकडे याच दृष्टीने पाहावे: सॅमसंगची अंगठी भारतात ३८,९९९ रुपयांना आली होती, फिनलंडच्या औराला वर मासिक वर्गणी लागते, आणि बॅटरी संपली की सर्व कंपन्यांच्या अंगठ्या सारख्याच निरुपयोगी होतात.

मुलीचा आता आजीलाही अंगठी घेऊन देण्याचा विचार होता, म्हणून नमुन्यांचा डबा पुन्हा मागवला. आईच्या बोटांचे पेर संधिवाताने फुगलेले आहेत. पेरावरून जाईल अशी अंगठी बुडाशी सैल होऊन गरगर फिरते आणि बुडाशी घट्ट बसणारी पेरावरून जातच नाही. पाचही बोटांवर करून पाहिले. शेवटी आईच म्हणाली, "राहू दे, मला झोप लागत नाही हे मला ठाऊकच आहे," आणि डबा कुरिअरने परत गेला.