हाताच्या स्प्लिंटची दोन दिवसांची कार्यशाळा: माझा अनुभव

मी सोलापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करते; अकरा वर्षं झाली. कॉलेजात स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, बनवायला शिकले होते, पण नंतर सरकारी कामात प्लास्टरवरच भागवलं. म्हणून पुण्यातली ही कार्यशाळा केली. फी साडेचार हजार.

पहिला दिवस खरा सोन्याचा. थर्मोप्लास्टिकचा पत्रा ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करायचा, पुसायचा, स्वतःच्या हातावर तापमान बघायचं आणि मगच पेशंटच्या हातावर ठेवायचा. मॅडमनी भाजलेल्या हातासाठीची स्थिती आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली: मनगट थोडं मागे, बोटांचे मुळाचे सांधे ७० अंशांच्या आसपास वाकलेले, पुढचे सांधे सरळ. का, तेही सांगितलं. मुळाचे सांधे सरळ राहिले तर त्यांचे बाजूचे बंध आखडतात आणि मूठ वळत नाही. माझ्या वॉर्डातली भाजलेली एक मुलगी तिथेच डोळ्यांसमोर आली.

दुसऱ्या दिवशी मात्र चौघांत एकच पत्रा. मला अंगठ्याचा स्प्लिंट स्वतः कापायलाच मिळाला नाही. एवढी फी घेऊन साहित्यात काटकसर मला पटली नाही.

तरी जा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हे काम हातानंच शिकायचं आहे. जाताना स्वतःची कात्री न्या, तिथल्या बोथट आहेत.